संकलन शिकवा, बटणं पोरं स्वतः शिकतील

जळगाव असो की धुळं, कोणत्याही गजबजलेल्या चौकात मान वर करून बघा. टायपिंग आणि टॅलीच्या बोर्डांशेजारी आता तिसरा बोर्ड लागलाय, ‘व्हिडिओ एडिटिंग शिका, तीन महिन्यांत कमवायला लागा’. आज या बोर्डाबद्दल स्पष्ट बोलायचंय. पोस्ट लांब आहे. आधी पूर्ण वाचा, मग शिव्या घाला, हरकत नाही.

मी याच धंद्यातला आहे. लग्नं, गाणी, संस्थांचे कार्यक्रम, जे फुटेज येईल ते कापून-जोडून माझं घर चालतं. त्यामुळे पोरांनी एडिटिंग शिकू नये असं मी म्हणणारच नाही. माझं म्हणणं एवढंच की एडिटिंगच्या नावाखाली जे शिकवलं जातंय, ते एडिटिंग नाही.

मागच्या उन्हाळ्यात भाच्यासाठी अशाच एका क्लासमध्ये चौकशीला गेलो होतो. नाव घेत नाही, एकाचं घेतलं तर बाकीचे सुटतात. अभ्यासक्रमाचा कागद हातात दिला. शॉर्टकट की, ट्रान्झिशन, टेम्प्लेट, टायटल, कलर, एक्स्पोर्ट. फीचा आकडा ऐकून भर उन्हाळ्यात वेगळाच घाम फुटला. मी विचारलं, "शॉट कुठे तोडायचा, हे कोणत्या आठवड्यात शिकवता?" समोरचे सर हसले. "ते भाऊ, हात बसला की येतं."

हात कशावर बसणार? बटणावर. शिवणकामाच्या क्लासमध्ये सहा महिने मशीन चालवायला शिकवलं आणि माप घ्यायला शिकवलंच नाही, तर त्या बाईकडे ब्लाऊज शिवायला कोण टाकेल? इथे मात्र आपण पैसे भरून पोरं पाठवतोय.

आता संकलन म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. फार अवघड नाही.

१९१९ साली मॉस्कोत सरकारी चित्रपट-शाळा सुरू झाली. क्रांतीनंतरचे दिवस, कच्ची फिल्म मिळायची मारामार. तिथे शिकवणाऱ्या लेव्ह कुलेशोव्हनं आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्यांचे जुने चित्रपट कापून, पुन्हा जोडून अभ्यास केला. त्यातला एक प्रयोग जगभर प्रसिद्ध आहे. एका नटाचा चेहरा घेतला, कोणताही भाव नसलेला. त्याच्यापुढे कधी सूपचा वाडगा जोडला, कधी शवपेटी. चेहरा तोच, एक फ्रेमही बदललेली नाही. पण बघणारे म्हणाले, काय भुकेला दिसतोय! काय दुःखी दिसतोय! काय अभिनय केलाय!

हे आपल्या रानात करून बघा. बांधावर बसलेल्या एखाद्या आजोबांचा चेहरा दहा सेकंद शूट करा. त्याच्यापुढे वादळानं आडवी झालेली केळीची बाग जोडा. मग तोच चेहरा घ्या आणि पुढे भरताची कढई आणि कळण्याची भाकरी जोडा. मग तोच चेहरा आणि सासरी निघालेली नात. तीन वेगळे आजोबा दिसतील. अर्थ एका शॉटमध्ये नसतो, दोन शॉटच्या सांध्यात असतो. तो सांधा कुठे घालायचा, हे ठरवणं म्हणजे संकलन. कोणत्या बटणानं घालायचा, हा नंतरचा आणि सोपा भाग.

‘अपोकॅलिप्स नाऊ’च्या संकलकांपैकी एक वॉल्टर मर्च. चांगला कट कशाला म्हणायचं, याचा त्यानं चक्क हिशोब मांडला. शंभरातले ५१ गुण भावनेला, २३ कथेला, १० लयीला. प्रेक्षकाची नजर पडद्यावर कुठे आहे याला ७. उरलेले ९ चौकटीतली मांडणी आणि प्रत्यक्ष जागेचं भान या दोन्हींना मिळून. म्हणजे कोण कुठे उभं होतं, कोणत्या बाजूला बघत होतं, ही जोडणी सगळ्यात खाली. आमच्या क्लासमध्ये या नऊ गुणांचंही नीट शिकवत नाहीत, ५१ ची तर गोष्टच सोडा. ट्रान्झिशनला किती गुण? शून्य. यादीतच नाही.

लग्नाचं उदाहरण देतो, कारण खानदेशात निम्म्याहून जास्त पोरांचं पहिलं काम तेच असतं. पाठवणीचा प्रसंग. टेम्प्लेटवाला पोरगा काय करतो? स्लो मोशन, वरून बिदाईचं गाणं, फुलं उडण्याचा इफेक्ट. मूळ फुटेजमध्ये बाप मंडपाच्या खांबाला धरून उभा असतो. बोलत नाही, हलत नाही. तो शॉट ‘काहीच घडत नाही’ म्हणून उडवला जातो. ज्याला शिकवलंय, तो गाणं बंद करतो, पोरीच्या रडण्याचा आवाज आधी सुरू करतो आणि चित्र त्या बापावरच आणखी चार सेकंद ठेवतो. त्यासाठी कोणतंही महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. कुठे थांबायचं हे कळावं लागतं, आणि ते कोणीतरी शेजारी बसून, तुमचा कट बघून, "इथे का तोडलं रे?" असं विचारल्याशिवाय कळत नाही.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, हा तुमच्या धंद्यातला विषय, आम्हाला काय त्याचं? म्हणून आता राईनपाड्याबद्दल बोलू.

१ जुलै २०१८. रविवार. साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेले. मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं. पाचही जण गेले. त्याच रात्री मालेगावात असाच जमाव दुसऱ्या एका कुटुंबावर चालून गेला. तिथे पोलीस वेळेवर पोचले म्हणून ती माणसं वाचली.

त्या महिन्यांत देशभर मोबाईलवर मुलं पळवण्याचे व्हिडिओ फिरत होते. त्यातला सगळ्यात गाजलेला आठवतोय? मोटारसायकलवर दोघं येतात, गल्लीत खेळणाऱ्या पोराला उचलतात आणि सुसाट जातात. तो व्हिडिओ कराचीचा होता. मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेनं जनजागृतीसाठी केलेला. मुळात शेवटी ते दोघं परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि पालकांना सावध करणारा फलक कॅमेऱ्याला दाखवतात. आपल्याकडे जो फिरला, त्यात तो शेवट नव्हता. कोणीतरी तो कापला होता.

नीट लक्षात घ्या. यात काही जोडलं नव्हतं, चेहरे बदलले नव्हते, एआय तर तेव्हा कोणाच्या हातात नव्हतं. फक्त शेवटचे काही सेकंद काढले. तेवढ्यात सावधगिरीच्या संदेशाचा गुन्ह्याचा पुरावा झाला. राईनपाड्यातल्या कोणी नेमका तोच व्हिडिओ पाहिला होता, असा माझा दावा नाही. पण हवा तापवली ती अशाच तुकड्यांनी. आणि बघणाऱ्यांपैकी कोणालाही ‘याच्या आधी काय होतं, नंतर काय होतं’ हा प्रश्न पडू नये, ही आपल्या शिक्षणाची कमाई.

त्याच जुलैत व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी फक्त पाच जणांनाच फॉरवर्ड करता येईल असा बदल जाहीर केला. कंपनीनं बटण बदललं. आपण काय बदललं? मराठीच्या पुस्तकात संदर्भासहित स्पष्टीकरण आपण सगळ्यांनी घोकलंय. ओळ आधी कुठली, नंतर कुठली, कोण कोणाला म्हणालं. व्हिडिओचं संदर्भासहित स्पष्टीकरण मात्र आजही कोणी विचारत नाही.

आणि हे फक्त अफवांपुरतं नाही. निवडणूक आली की बघा. नेत्याचं वाक्य ‘पण’च्या आधी तोडायचं. एका सभेतल्या भाषणाला दुसऱ्या सभेतली गर्दी जोडायची. प्रश्न विचारणाऱ्या शेतकऱ्याचा आवाज काढायचा आणि साहेबांचं उत्तर तेवढं ठेवायचं. हे सगळे पक्ष करतात, कोणाचाच अपवाद नाही. आणि करून कोण देतं? आपलीच बावीस-तेवीस वर्षांची पोरं, रात्री जागून, किरकोळ पैशात. आपण काय करतोय हे त्यांना कधी कोणी सांगितलेलंच नसतं. ‘भाऊ म्हणाले कट कर, केला.’

आता पैशाचं बोलू. ‘हाई झुमका वाली पोर’ कोट्यवधी वेळा बघितलं गेलं. ज्या अहिराणीला शाळेत बोललं की मास्तर डोळे वटारायचे, ती आज मुंबई-पुण्याच्या लग्नात वाजते. शेजारच्या मालेगावात त्याच्याही आधी नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ केला, व्हीसीआरवर कापून-जोडून. त्या मंडळींवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट निघाला, अलीकडे मोठा हिंदी चित्रपटही आला. म्हणजे बाजार आहे, गुणवत्ता आहे, हौस तर विचारू नका. आणि तरी आपल्या भागातलं बरंसं काम दुसऱ्याच्या टेम्प्लेटमध्ये आपले चेहरे बसवण्याचं आहे. त्याला भाव मिळत नाही, कारण तसं करणारे शेकडो आहेत.

इथे नेहमीचा आक्षेप येतो. "नासिर शेख कुठल्या शाळेत गेले होते? थिअरी म्हणजे पुस्तकी फुकटपणा."

उत्तर ऐका. नासिर शेख यांचं व्हिडिओ पार्लर होतं. कोणत्या प्रसंगाला लोक शिट्ट्या मारतात, कुठे उठून बाहेर जातात, हे वर्षानुवर्षं डोळ्यांनी बघितलेला माणूस तो. त्याची थिअरी त्यानं अंधारात प्रेक्षकांकडून शिकली. थिअरी म्हणजे दुसरं काय असतं? शंभर माणसांचा असा अनुभव एका जागी नीट लावून ठेवलेला. तीन महिन्यांत ना पार्लर मिळतं, ना पुस्तक. आणि दादासाहेब फाळक्यांचंच बघा. १९१२ मध्ये लंडनला जाऊन तंत्र शिकले, परत येऊन वाटाण्याचं रोप वाढताना एकेक फ्रेम टिपून सराव केला, आणि मग १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’. घरात सरस्वतीबाई अंधारात बसून फिल्मला भोकं पाडत होत्या. आपल्या सिनेमाची सुरुवातच शिकण्यातून झालीय.

दुसरा आक्षेप, "आता सगळं एआय करणार." करू द्या. तालावर तुकडे तोडणं मशीनच करणार. म्हणजे फक्त बटणं शिकलेला पोरगा सगळ्यात आधी घरी बसणार. कोणता शॉट ठेवायचा आणि का, हे सांगू शकणारा टिकेल. हा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे.

मग करायचं काय? नुसतं बोंबलून उपयोग नाही, म्हणून मागण्या लिहितो.

एक. आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठानं संकलनाचा स्वतंत्र, प्रात्यक्षिकासह अभ्यासक्रम चालवावा. एखाद-दुसऱ्या पेपरवर भागवू नये. पुण्यातली एफटीआयआय १९६० ची आहे, तिथे संकलनाचा पूर्ण पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, पण देशभरातून मोजक्याच जागा. चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या रेणू सलुजा तिथल्याच. ‘अर्धसत्य’ त्यांनीच संकलित केला, ज्यात आपल्या शिरपूरच्या घराण्यातली स्मिता पाटील आहे. हीच संस्था २०१७ पासून गावोगावी अल्पमुदतीचे वर्ग घेते. त्यांना जळगाव-धुळ्याला बोलवा. पत्र लिहायला पैसे लागत नाहीत.

दोन. आठवी-नववीच्या वर्गात वर्षातून दोन तास. एकच फुटेज दोन गटांना द्या, दोन उलट अर्थांच्या क्लिप करायला लावा. मोबाईलवर होतं हे. स्वतः एकदा खोटं जोडून बघितलेलं पोर आयुष्यभर दुसऱ्याचा सांधा शोधत राहील.

तीन. स्टुडिओवाल्या मित्रांनो, पोरांकडून रात्रभर रेंडर करून घेता, आठवड्यातून एक तास त्यांच्याशेजारी बसा. कट बघा, ‘का?’ विचारा.

चार. पालकांनो, फी भरण्याआधी क्लासवाल्याला तीन प्रश्न विचारा. कच्चं, न कापलेलं फुटेज द्याल का? पोराचा कट बघून त्यावर कोण बोलणार? तीन महिन्यांत किती चित्रपट थांबवून-थांबवून बघणार? उत्तर आलं नाही तर पैसे खिशात ठेवा. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आहे, केडेनलाइव्ह तर पूर्ण फुकट आहे. बटणं पोरगा घरी बसून शिकेल.

राईनपाड्याची आठवण आपण दर जुलैला एखाद्या बातमीत काढतो आणि विसरतो. माझ्या मते त्या पाच जणांचं एक देणं आपल्यावर आहे. या दोन जिल्ह्यांत कापणारे हात हजारो तयार होतायत. कापलेलं ओळखणारे डोळे तयार करायची जबाबदारी कोणीच घेतलेली नाही.

क्लासवाले, प्राध्यापक, स्टुडिओवाले, कोणीही येऊन वाद घाला, मी कमेंटमध्ये आहे. पटलं तर शेअर करा. फक्त पूर्ण करा, मधला तुकडा उचलून नको.