पनीरचे त्रैराशिक

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाताना कोणत्याही ढाब्यावर थांबा, पनीरच्या चार-सहा भाज्या हमखास मिळतील. दूध नासले तर हळहळणाऱ्या आपल्या घरांतही पनीर आता लग्नाच्या पंगतीत जाऊन बसले आहे. पण ते दुधाचेच असते काय?

बँकेत उमेद घालवलेल्या माणसाला प्रयोगशाळेच्या आधी हिशेब आठवतो. किलोभर पनीरला म्हशीचे सुमारे पाच लिटर दूध लागते, गाईचे सहा. म्हशीच्या दुधाला ६० रुपये धरले तर ३०० होतात. गाईच्या दुधाला ३५ धरले तरी २१० होतात. जळण, मजुरी, वाहतूक वेगळी. याहून स्वस्त पनीर विकणारा धर्मादाय करतो आहे, असे कोणी समजू नये. दूध-भुकटीत पामतेल मिसळूनही पांढरीशुभ्र वडी पडते.

मार्च २०२५ मध्ये हा विषय विधानसभेतही गाजला. अशी वडी बनवणे हा गुन्हा नाही, ती विषही नव्हे. मात्र तिला ‘पनीर’ म्हणून विकणे ही फसवणूक आहे. नियमानुसार पनीरच्या घन भागात किमान ५० टक्के दुधाचा स्निग्धांश हवा; दुसरे तेल वापरले तर वेष्टनावर तसे लिहावे लागते. पण ताटात वाढलेल्या भाजीला वेष्टन कुठले? आयोडीनचा थेंब पिठाची भेसळ दाखवतो, तेलाची नाही.

शुद्ध म्हणजे सुरक्षित, असेही नाही. दूध चांगले तापवले की जंतू मरतात. पण नंतरचे फडके, पाणी आणि हात अस्वच्छ असले तर सारे फुकट. बर्फाविना पनीर दिवसभरही धड टिकत नाही. सुरत-मुंबईच्या पारशी घरांतले टोपली पनीर विरजकाने, कोमट दुधातच लावतात. तेथे दूध आधी तापवून घेणे अधिकच अगत्याचे. परंपरा चव देते, हमी देत नाही.

या व्यवहारात खरा बुडतो तो कर्ज काढून दावणीला म्हैस बांधणारा मुरबाड-शहापूरचा शेतकरी. त्याची स्पर्धा शेजारच्या गोठ्याशी नसून तेलाच्या डब्याशी आहे. म्हणून हॉटेलच्या दरफलकावर ‘दुधाचे’ की ‘तेलाचे’, हे लिहिणे सक्तीचे करावे आणि अन्न व औषध प्रशासनाने तपासलेल्या नमुन्यांचे निकाल तालुक्याच्या गावी लावावेत. तोवर गिऱ्हाइकाने एवढेच विचारावे: पनीर काय भावाने घेतले? पुढचे त्रैराशिक त्याला येतेच.