गिअर पडत नाही? गिअरबॉक्स खोलण्याआधी हे तपासा

गणपती आणि मे महिन्याची सुट्टी आली की श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वरकडे गाड्यांची रांग लागते. माणगाव-म्हसळा रस्त्यावरची चढ-वळणं म्हणजे पहिला-दुसरा गिअर आणि सतत क्लच. त्यातच गिअर अडायला लागला की मित्र मला विचारतात, "एखादं अ‍ॅप सांग ना, प्रॉब्लेम दाखवणारं." माझं उत्तर ठरलेलं आहे : मॅन्युअल गाडीत हा बिघाड मोबाइलला बहुधा दिसतच नाही.

कारण सोपं आहे. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला स्कॅनर जोडला की मोबाइलवर इंजिनचे एरर कोड येतात. पण गिअरची दांडी गिअरबॉक्सला केबलने किंवा लोखंडी रॉडने जोडलेली असते. केबल गंजली किंवा क्लचप्लेट झिजली, तर ते सांगणारा सेन्सरच बहुतेक गाड्यांत नसतो. एएमटीत (भारतात २०१४ च्या सेलेरिओपासून ही लोकप्रिय झाली) गिअरबॉक्स मॅन्युअलसारखाच असतो, पण क्लच आणि गिअर कॉम्प्युटर चालवतो. म्हणून तिथे कोड मिळतो. मॅन्युअलमध्ये निदान आपल्या हातापायांनीच करायचं.

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा आणि या चार गोष्टी बघा :

१. इंजिन बंद करून क्लच दाबा आणि सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना सहज पडतात, पण चालू केल्यावर अडतात? मग क्लच पूर्ण सुटत नाहीये. पेडल दोन-तीनदा मारल्यावर गिअर पडला, तर हायड्रॉलिक क्लचमध्ये हवा किंवा गळती असू शकते. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकचं ऑइल एकाच डबीत असतं. त्यामुळे डबीतली पातळी खाली गेली असेल तर गाडी पुढे नेऊ नका.

२. इंजिन बंद असतानाही सगळेच गिअर जड? केबल किंवा लिंकेजवर संशय घ्या. दांडी ढिली होऊन डुगडुगत असेल, तर बहुधा बुश झिजलाय. एखादाच गिअर अडला तर गाडी जरा पुढेमागे ढकलून परत बघा. कधीकधी आतले दातेच समोरासमोर येतात.

३. चालत्या गाडीत एकाच गिअरला, समजा दुसऱ्याला, करकर आवाज येतो आणि बाकीचे ठीक पडतात? त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली असू शकते. हे काम मात्र खरंच गिअरबॉक्सच्या आतलं.

४. सकाळी जड आणि गाडी तापल्यावर ठीक? आधी गिअर ऑइल तपासून घ्या.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट घडते. चाकरमान्यांची गाडी पावसाळाभर गावी उभी राहते, खाऱ्या दमट हवेत केबल गंजते आणि क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसते. मग पेडल नेहमीसारखं लागतं, पण इंजिन चालू असताना एकही गिअर पडत नाही. अशी गाडी गिअरमध्ये ठेवून स्टार्ट करू नका, ती एकदम उडी मारेल.

हे सगळं कळून उपयोग काय? केबल, बुश किंवा ऑइलचं काम बाहेरून होतं. क्लचप्लेटसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. सिंक्रोसाठी तो उतरवून खोलावाही लागतो. मजुरीतला फरक इथेच पडतो. सुट्टीत घाईत असलेल्या गिऱ्हाइकाला "गिअरबॉक्स गेला" एवढंच ऐकवलं, तर तो मान डोलावून पैसे मोजतो.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यात मोबाइलसोबत वाहन क्षेत्रही आहे. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग ग्राहकाला मिळावेत, हा त्यामागचा हेतू. चांगलीच गोष्ट आहे. पण माझ्या मते हा हक्क वापरायचा तर नेमकं काय बिघडलंय हे विचारता आलं पाहिजे. पोर्टल आपल्या वतीने क्लच दाबून बघणार नाही.

मोबाइलचा खरा उपयोग इथे करा. वरच्या चार तपासण्यांची उत्तरं नोट्समध्ये लिहा, करकर आवाजाचा व्हिडिओ काढा आणि तोच मेकॅनिकला दाखवा. कामाआधी अंदाजपत्रक लिहून मागा आणि काम झाल्यावर जुना पार्ट परत मागा. चांगला मेकॅनिक याने चिडत नाही, उलट त्याचंही काम सोपं होतं.