आधीचं बाळ कशानं गेलं?

यवतमाळात तान्हं बाळ गेलं की दोनच कारणं ऐकू येतात : निमोनिया, नाहीतर नजर. त्याच घरातलं दुसरं बाळ तशाच खोकल्या-जुलाबानं गेलं, तरी तेच. मग आईलाच पांढऱ्या पायाची ठरवतात.

काही बाळं जन्मतःच रोगाशी लढायची ताकद न घेता येतात. दोष जनुकातला असतो. सर्वांत गंभीर प्रकार म्हणजे ‘स्किड’. अशा बाळाच्याही दंडावर आपण बीसीजी टोचतो. ही जिवंत लस. इतर मुलांना वाचवते, या बाळाच्या मात्र अंगभर पसरू शकते. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यानं २००८ मध्ये प्रत्येक नवजात बाळाची तपासणी सुरू केली. २०१८ पर्यंत ती सगळ्या राज्यांत पोहोचली. साडेतीन महिन्यांच्या आत बोनमॅरो प्रत्यारोपण झालेल्या बाळांपैकी ९४ टक्के पाच वर्षांनंतरही हयात होती, असं तिथला २०१४ चा अभ्यास सांगतो.

आमच्याकडे ती तपासणी नाही. निदान एक प्रश्न तरी विचारा! बीसीजीच्या आधी नर्सनं म्हणावं, “बाई, आधीचं बाळ गेलंय का? कशानं?” उत्तर खटकलं तर सुई थांबवा, बालरोगतज्ज्ञांना दाखवा, सीबीसी करा. बीसीजी वर्षापर्यंत देता येते. सीबीसी यवतमाळात कुठेही होते. लिम्फोसाइट ३,००० च्या खाली असतील तर परळची वाट धरा. केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, जवळच वाडिया रुग्णालय.

हे बोललं की दोन्हीकडून दगड येतात. एक म्हणतो, “तुम्ही लोक बहिणींशी लग्नं करता ना!” अहो, स्किडचा एक मोठा प्रकार आईच्या एक्स गुणसूत्रातून मुलाला होतो, तिथं नात्यातल्या लग्नाचा संबंधच नाही. आणि मामाची मुलगी करणाऱ्या मराठी घरांना हा टोमणा कुणी मारत नाही. दुसरीकडे आमचे बुजुर्ग : “शरीयतमध्ये जायज आहे.” जायज आहे, फर्ज नाही. बाकीच्या बऱ्याच प्रकारांत आई-बाप दोघांकडून तोच दोष यावा लागतो, आणि नात्यात ती शक्यता वाढते. ज्या घरानं दोन इवल्या कबरी खोदल्या, तिथं पुन्हा खालाचीच मुलगी आणायचा हट्ट कशाला?

केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात स्किड आहे. मदत आता ५० लाखांपर्यंत मिळते, केईएम त्याचं केंद्र आहे. पण कागदावर नुसतं ‘निमोनिया’ लिहिलेल्या बाळाला त्यातला रुपयाही मिळत नाही.