कणीचा भात आणि अस्सलपणाचा दंडक

१/ परदेशी राहणाऱ्या पश्चिम आफ्रिकी माणसाने जोलोफ भात शिजवला की एक प्रश्न हमखास पुढे येतो : हा अस्सल आहे काय? २०१४ साली ब्रिटिश बल्लवाचार्य जेमी ऑलिव्हर यांनी आपल्या धाटणीचा जोलोफ प्रसिद्ध केला, तेव्हा समाजमाध्यमांवर संतापाची लाट उसळली. तो संताप समजण्याजोगा होता. मात्र तोच दंडक स्थलांतरितांच्या चुलीला लावणे इतिहासाला धरून नाही.

२/ ‘जोलोफ’ हे नाव सेनेगल परिसरातील वोलोफ लोकांच्या जुन्या जोलोफ राज्याची आठवण सांगते. या भाताचे पूर्वरूप म्हणून सेनेगलच्या ‘चेबू जेन’चा निर्देश होतो. वोलोफ भाषेत ‘चेब’ म्हणजे भात, ‘जेन’ म्हणजे मासा. सेनेगल नदीच्या मुखाजवळील सँ-लुई येथील कोळी वस्त्यांत तो घडला. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद अमूर्त सांस्कृतिक वारशात केली.

३/ आता या वारशातील जिन्नस पाहू. पश्चिम आफ्रिकेची स्वतःची भाताची जात आहे. नायजर नदीच्या खोऱ्यात ती प्राचीन काळीच लागवडीखाली आली. चेबू जेनच्या पातेल्यात मात्र सहसा ती नसते. १९व्या शतकात फ्रेंचांना तेलासाठी भुईमूग हवा होता. सेनेगलची शेती तिकडे वळवली गेली आणि धान्याची तूट इंडोचायनातील तांदळाने भरून काढण्यात आली. तोही अख्खा नव्हे, तर सडताना मोडलेला, स्वस्त तांदूळ. आपल्याकडे त्याला कणी म्हणतात.

४/ भाताला लाली देणारा टोमॅटो आणि झणका देणारी मिरची, दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातील. म्हणजे ज्याला ‘शुद्ध’ म्हणावे, त्यातील बरेच काही समुद्रापलीकडून आलेले.

५/ सेनेगली स्त्रियांनी या नाइलाजातून कला घडवली. कांदा-टोमॅटोच्या रश्श्यात मसाला भरलेले मासे आणि भाज्या शिजवून बाजूला काढायच्या, मग त्याच रश्श्यात कणी शिजवायची. कणी रस चटकन शोषते. तळाची खरपुडी तर आवडीने वाटून खाल्ली जाते. आज या भातासाठी अख्ख्या तांदळाहून कणीच पसंत केली जाते.

६/ पश्चिम आफ्रिकेचा भात परदेशी शिजवणारे पहिले लोकही हौसेने गेले नव्हते. साउथ कॅरोलिनाच्या भातखाचरांत गुलाम म्हणून राबवलेल्या आफ्रिकींच्या वंशजांचा, म्हणजे गल्ला-गीची समाजाचा, टोमॅटो घातलेला ‘रेड राइस’ जोलोफचा नातलग मानला जातो.

७/ परावलंबनाची ही साखळी अजून तुटलेली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताने कणीच्या निर्यातीवर बंदी घातली. पुढच्या वर्षी सेनेगलसारख्या देशांसाठी अपवाद करावा लागला.

८/ म्हणून पॅरिस वा लंडनमध्ये कुणी कणीऐवजी बासमती वापरला, ताज्या माशाऐवजी गोठवलेला घेतला, तर तो परंपरेचा भंग नव्हे. मिळेल त्यातून आपली चव उभी करणे हीच या भाताची परंपरा आहे. आक्षेप घ्यायचा तर तो पद्धत व इतिहास वगळून केवळ नाव उचलणाऱ्यावर घ्यावा. आणि या सरमिसळीला ‘संस्कृतींचा सुंदर संगम’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी भुईमुगाखाली गेलेली ती शेतेही मोजावीत.