रॅलीत जावे, पण दारात थांबावे



१९९९ च्या कारगिल युद्धात आपले ५२७ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ २६ जुलैला परभणीत निघालेल्या दुचाकी रॅलीत मीही मुलाच्या मागे बसून गेले. “या वयात हे कशाला?” असे काहींनी विचारले. माझे मत असे, की जरूर जावे, पण फक्त हॉर्न वाजवून परत येऊ नये.

२०२४ मध्ये कारगिल विजयाला २५ वर्षे झाली, तेव्हा लष्कराच्या जवानांनी दिनजान, द्वारका आणि धनुष्कोडीहून द्रासपर्यंत मोटारसायकल मोहीम काढली. वाटेत ते वीरपत्नींना, माजी सैनिकांना भेटत गेले. मला ते थांबणे मोलाचे वाटते. घोषणा तासाभरात विरतात. आपल्या माणसाची आठवण ठेवून कुणी दारात आले, हे ती माउली विसरत नाही.

मी कॉमर्सची, म्हणून हिशोबाचेही बोलते. जेवढ्याचे पेट्रोल जाळू, निदान तेवढी रक्कम ध्वजदिन निधीला द्यावी. ७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासून पाळतात. हा निधी शहिदांच्या कुटुंबांसाठी आणि माजी सैनिकांसाठी असतो. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करता येते.

पुढच्या रॅलीआधी आपल्या महिला मंडळात एवढे ठरवू या: कुणाच्या घरी जायचे आणि किती द्यायचे.