मासळी जनतेची, कोटा बोटमालकाचा

अमेरिकेत १९७६च्या कायद्याने समुद्रातल्या मासळीचा कारभार आठ प्रादेशिक परिषदांकडे दिला. मासळी जनतेची, म्हणे! परिषदांवर बसतात मात्र बरेचसे धंद्यातलेच. राज्यपाल नावे सुचवतात, वाणिज्यमंत्री नेमतात.

१९९५मध्ये अलास्कात हॅलिबट माशाचे वैयक्तिक कोटे लागू झाले. १९८८ ते १९९० या काळात ज्यांच्या मालकीच्या वा भाड्याच्या बोटीने हा मासा उतरवला, त्यांना ते वाटले. तेही फुकट! पुढे ते विकताही येऊ लागले. बोटीवर राबणाऱ्या खलाशांना काही नाही. घरी बोटीचा हिशेब ठेवणारी, कारखान्यात मासे कापणारी बाई तर मोजलीच नाही. मी विचारते, तिचे श्रम मासेमारीत धरायचे नाहीत काय?

बायांनो, आपल्याकडे बोट दादल्याच्या नावावर आणि पाटी बाईच्या डोक्यावर. असे कोटे इकडे निघाले, तर कोणाच्या हाती पडतील, सांगा!