उजनीचं पाणी हिरवं का होतं? थेंबातल्या सूक्ष्म प्राण्यांकडे आहे उत्तराचा एक भाग

उन्हाळ्यात उजनी धरणाची पातळी खाली गेली की हिरव्यागार पाण्याचे फोटो आणि व्हिडिओ फोनवर फिरू लागतात. सोलापूर शहराची तहान याच धरणावर भागते, त्यामुळे 'हे पाणी चांगलं आहे का?' हा प्रश्न साहजिक आहे. रासायनिक तपासणीतून नमुना घेतला त्या दिवशीची स्थिती कळते. धरणाची तब्येत कुठे चालली आहे, हे समजून घ्यायला प्राणिप्लवकांची पाहणी उपयोगी पडते.

प्राणिप्लवक म्हणजे काय?

पाण्यात तरंगत राहणारे, प्रवाहाविरुद्ध जाण्याची ताकद नसलेले सूक्ष्म प्राणी म्हणजे प्राणिप्लवक. गोड्या पाण्यात रोटिफर, डॅफ्नियासारखे 'पाणपिसू', सायक्लॉप्ससारखे कोपेपॉड आणि शिंपल्यासारखं कवच असलेले ऑस्ट्रॅकॉड हे त्यांचे प्रमुख गट आहेत. ते शेवाळ आणि जिवाणू खातात, आणि माशांची पिल्लं त्यांना खातात.

यातला सायक्लॉप्स आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला वेगळ्या कारणाने परिचित आहे. नारूचा रोग त्याच्यामार्फत पसरायचा, म्हणून पाणी कापडाने गाळून प्यायला सांगितलं जायचं. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण 1996 मध्ये आढळला आणि 2000 मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला.

मोजणी कशी होते?

साधारण 60 मायक्रॉन छिद्रांच्या शंकूसारख्या जाळीतून ठरावीक पाणी गाळतात. समजा, 100 लिटर पाणी गाळून 50 मिलिलिटर नमुना उरला. फॉर्मेलिन घालून तो टिकवतात आणि त्यातला 1 मिलिलिटर सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. त्यात 40 जीव दिसले, तर पूर्ण नमुन्यात 2000, म्हणजे लिटरमागे 20.

गणित सोपं असलं तरी फसगत होऊ शकते. अनेक प्राणिप्लवक दिवसा खोल जातात आणि रात्री वर येतात. त्यामुळे एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी घेतलेल्या नमुन्यांची तुलना करता येत नाही. शिवाय नदी धरणाला मिळते तिथे, मधल्या भागात आणि भिंतीजवळ आकडे वेगवेगळे येतात. म्हणून ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, दर महिन्याला नमुने घ्यावे लागतात.

आकडे काय सांगतात?

निव्वळ संख्येपेक्षा कोण वाढलं आणि कोण घटलं, हे महत्त्वाचं. ब्रॅकिओनस गटातले रोटिफर फार वाढले, तर पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरसची रेलचेल असल्याचा तो इशारा मानला जातो. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी आणि भीमेतून उजनीत येतं. हीच पोषकद्रव्यं शेवाळाचं खत ठरतात.

मोठे पाणपिसू शेवाळ भराभर फस्त करतात. ते कमी झाले की शेवाळाला मोकळं रान मिळतं. पण ते कमी होण्याची कारणं दोन असू शकतात: माशांनी खाल्ले, किंवा निळ्या-हिरव्या शेवाळाच्या तंतूंमुळे त्यांना अन्न गाळता आलं नाही. सांडपाणी आणि चिलापी मासा, दोन्ही मुबलक असलेल्या उजनीत ही कारणं वेगळी करायला माशांची आणि शेवाळाची नोंदही सोबत लागते.

मर्यादा कुठे?

पाणी पिण्यायोग्य आहे की नाही, हे या पाहणीतून ठरत नाही. रोगजंतू आणि जड धातूंसाठी वेगळ्या चाचण्या कराव्या लागतात. शिवाय अशा पाहण्या बऱ्याचदा महाविद्यालयीन संशोधनाचा भाग असतात आणि प्रबंध पूर्ण झाला की थांबतात. रोटिफरचं आयुष्य काही दिवसांचं असतं, पण धरण बिघडायला वर्षं लागतात. तो बदल दिसायचा असेल, तर मोजणीही वर्षानुवर्षं चालू राहिली पाहिजे. त्यामुळे हिरव्या पाण्याचा पुढचा व्हिडिओ फोनवर आला की विचारण्यासारखा प्रश्न एकच: याच जागी, याच महिन्यात, गेल्या वर्षी काय आढळलं होतं?